नवसागर

अमोनियम क्लोराइड या पांढऱ्या, स्फटिकरूप लवणाचे मराठीतील रूढ नाव. समुद्राशी त्याचा काही संबंध नाही. फारसी ‘नौशादर’, संस्कृत रसग्रंथांतील ‘नवसादर’ व ‘नवसार’, हिंदी ‘नौसादर’ ही एकाच शब्दाची रूपे असून मराठीत त्याचा शेवट ओळखीच्या ‘सागर’कडे वळला.

या लवणाचा खरा संबंध आगीशी आहे. समरकंदच्या पूर्वेकडील बुत्तम डोंगरात जमिनीतून निघणाऱ्या वाफांवर बंदिस्त घरे बांधून भिंतींवर जमणारा नवसागर खरवडून घेत, असे दहाव्या शतकातील अरब भूगोलकारांनी नोंदवले आहे. भूगर्भात जळणाऱ्या कोळशाच्या थरांतून असा नवसागर निघतो. इजिप्तमध्ये तो उंटाच्या शेणाच्या काजळीपासून काढीत. ‘रसरत्नसमुच्चय’ या संस्कृत रसग्रंथात नवसार ‘साधारण रस’ या द्रव्यवर्गात गणला असून तो विटा भाजताना तयार होतो, असे म्हटले आहे. त्याचे तिथले दुसरे नाव ‘चूलिकालवण’, म्हणजे चुलीचे मीठ. वस्तूचा जन्म सांगणारे इतके नेमके नाव तिला अन्य भाषेत क्वचितच मिळाले असेल.

युरोपीय नावाची वाट वेगळी आहे. लिबियाच्या वाळवंटातील सिवा येथे अम्मोन (आमुन) देवाचे प्रसिद्ध देवस्थान होते. त्या प्रदेशातील खनिज मिठाला रोमन लेखक प्लिनी ‘हम्मोनियाकुस’ म्हणतो. ते बहुधा साधे सैंधवासारखे मीठ होते. पुढे किमयागारांच्या हाती हे नाव नवसागराला चिकटले. जोसेफ प्रीस्टली याने १७७४ मध्ये नवसागर व चुना तापवून निघालेला वायू गोळा केला आणि त्याला ‘अल्कधर्मी हवा’ म्हटले. स्वीडिश रसायनज्ञ टोर्बेर्न बर्गमन याने १७८२ मध्ये त्याला ‘अमोनिया’ नाव दिले. अशा रीतीने इजिप्शियन देवाचे नाव आजच्या खतकारखान्यांपर्यंत पोचले.

महाराष्ट्रात नवसागर घरोघरी माहीत झाला तो कल्हईवाल्यांमुळे. तापलेल्या पितळी पातेल्यात नवसागराची पूड टाकली की तिचे अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड या वायूंत विघटन होते. दुसरा वायू धातूवरील ऑक्साइडचा थर काढून टाकतो, म्हणून कापसाच्या बोळ्याने फिरवलेले कथील एकसारखे धरते. भांड्यातून उठणारा पांढरा, नाकाला झोंबणारा धूर म्हणजे थंड होताना हेच दोन वायू पुन्हा एकत्र येऊन झालेले नवसागराचे सूक्ष्म कण.