चंपेच्या विटा आणि एक पोलिश स्थपती

जीर्णोद्धार हा शब्द कानी पडला की, काळ्या पाषाणावर तैलरंगाचे हात चढविणारी, झिजलेला उंबरठा उपटून तेथे गुळगुळीत फरशी बसविणारी आणि देणगीदारांच्या नावांची पाटी गाभाऱ्याच्या दारावरच ठोकणारी विश्वस्तमंडळी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. म्हणूनच जीर्णाला जीर्णपणीच सावरून धरण्यात ज्याने आपले आयुष्य वेचले, त्या काझिमेझ क्व्यात्कोव्स्की या पोलिश स्थपतीची हकीकत मला सांगण्याजोगी वाटते.

त्याचा जन्म १९४४ चा. त्याच वर्षी, पोलिश लोकांच्या उठावाचा सूड म्हणून, जर्मनांनी वॉर्सा शहर इमारतीमागून इमारतीस सुरुंग लावून जमीनदोस्त करावयास घेतले; आणि युद्ध सरल्यावर पोलिश लोकांनी बेलोत्तो या अठराव्या शतकातील चित्रकाराची चित्रे पुढे ठेवून ते जुने नगर पुनश्च उभारले. नाहीसे झालेले पुन्हा उभे करण्याची ही विद्या त्या देशात सरकारी कारखान्याच्या पायरीस पोचली होती. अशा देशातला हा माणूस १९८१ मध्ये, पोलंड व व्हिएतनाम या दोन सरकारांमधील सहकार्याच्या कलमान्वये, मी सॉनच्या डोंगरवेढ्या खोऱ्यात दाखल झाला.

मी सॉन हे व्हिएतनाममधील चंपा या जुन्या राज्याच्या राजांचे शैव क्षेत्र. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात राजा भद्रवर्म्याने तेथे भद्रेश्वराचे लिंग स्थापिले, आणि त्यानंतर तेराव्या शतकापर्यंत एकामागून एका राजाने तेथे देवळे बांधली, संस्कृत शिलालेख कोरविले. ही देवळे विटांची आहेत. आपल्याकडील तेरचे त्रिविक्रमाचे देऊळ ज्याने पाहिले असेल त्यास विटेच्या देवळाची कल्पना असेल; परंतु चंपाच्या चाम गवंड्यांची करामत निराळीच. दोन विटांमधील सांधा केसाएवढा, मसाला जवळजवळ दिसतच नाही, आणि नक्षी कोरली आहे ती विटा रचून झाल्यानंतर भिंतीवर, त्यामुळे एखाद्या अप्सरेचा गाल एका विटेवर, तर हनुवटी खालच्या विटेवर. मसाल्याऐवजी झाडाचा डिंक वापरला असावा, असा तर्क पुष्कळांनी केला आहे.

१९६९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन विमानांनी या क्षेत्रावर बाँब टाकले. फ्रेंच पंडित पार्मांत्ये याने आपल्या टिपणात ज्यास ‘ए १’ असा क्रमांक दिला होता, ते सुमारे २४ मीटर उंचीचे सर्वांत भव्य मंदिर ढिगारा होऊन पडले. क्व्यात्कोव्स्की आला तेव्हा खोऱ्यात रान माजलेले होते आणि मातीत न फुटलेला दारूगोळा.

पार्मांत्येची रेखाचित्रे हाताशी होती. ‘ए १’ पुन्हा रचण्याचा मोह एखाद्याला अनावर झाला असता, वॉर्साचा दाखला तर घरचाच होता. त्याने तो मोह टाळला. कललेल्या भिंतींना आधार द्यावा, पडलेल्या विटा जेथल्या तेथे बसविता आल्या तर बसवाव्यात, आणि जे गेले ते गेले म्हणून सोडून द्यावे, या बाण्याने त्याने ‘बी’, ‘सी’ आणि ‘डी’ या समूहांची देवळे सावरली. त्यात सिमेंट वापरले गेले, आणि त्याबद्दल पुढील पिढीच्या तज्ज्ञांनी त्या कामास दोषही दिला. दोष रास्त आहे; तथापि त्या दशकातील व्हिएतनामची हलाखी ध्यानात घेता, सिमेंट तरी मिळाले हेच नवल, असे मला वाटते.

जवळचे होई आन हे जुने बंदर गाळ साचल्याने मागे पडले होते. तेथील लाकडी घरांचे मोलही त्याने स्थानिक अंमलदारांना पटवून दिले. १९९७ मध्ये ह्युए येथे, तेथील राजवाड्याच्या कामावर असताना, तो वारला. दोन वर्षांनी मी सॉन आणि होई आन या दोहोंची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. होई आनच्या लोकांनी एका लहानशा उद्यानात या दाढीवाल्या परदेशी माणसाचा पुतळा बसविला आहे. ते त्याला ‘काझिक’ म्हणतात.

त्याने न रचलेल्या ‘ए’ समूहाची डागडुजी पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली. २०२० च्या मे महिन्यात तेथे माती उपसताना वालुकाश्माचे एक अखंड शिवलिंग निघाले, नवव्या शतकातले.