जावईबापूंचे घड्याळ

गेल्या उन्हाळ्यात उमरेडला एका कबाड्याच्या दुकानात, तांब्यापितळेच्या मोडीशेजारी ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात, सात-आठ बंद मनगटी घड्याळे दिसली. त्यांतले एक मी साडेतीनशे रुपयांना घेतले. काच पिवळी पडलेली, पट्टा नाही, चावी झिजलेली. घरी येऊन मागचे झाकण पुसले, तेव्हा भांड्यांवर नाव टाकतात तशा ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत कोरलेली ओळ वाचता आली : ‘जावईबापूंस सप्रेम भेट. वैशाख शके १८९१.’

दुरुस्तीसाठी ते एका कारागिराकडे दिले. त्याने ओळ वाचली आणि म्हणाला, ‘‘मागचं घासून टाकतो न जी, नव्यावानी दिसन. कोरल्यानं भाव पडते.’’ बाजाराच्या हिशेबाने त्याचे म्हणणे खरे होते. मी दोन दिवसांची मुदत मागितली. ओळ घासायची की ठेवायची हे ठरवण्याआधी, हातातली वस्तू नक्की काय आहे आणि तिचे मोल कशात आहे, हे पाहणे आवश्यक होते.

वस्तूची ओळख

तबकडीवर ‘एचएमटी’ आणि ‘जनता’ ही दोन नावे स्पष्ट होती. हिंदुस्तान मशीन टूल्स हा सरकारी कारखाना १९५३ साली बंगळूरला सुरू झाला, तो यंत्रे घडवणारी यंत्रे बनवण्यासाठी. घड्याळे हा त्याचा नंतरचा उद्योग. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने त्याने मनगटी घड्याळांचा कारखाना उभा केला. चावीच्या घड्याळांची पहिली खेप पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. सुरुवातीच्या काही तबकड्यांवर एचएमटीबरोबर सिटिझनचेही नाव आढळते. ‘जनता’ हे त्या पहिल्या काळातले नाव. ज्याच्यासाठी घड्याळ बनवले त्याचेच नाव घड्याळाला दिले होते.

त्याआधी आपल्याकडचे मनगटी घड्याळ म्हणजे बहुधा स्वित्झर्लंडचे. फाव्र-ल्युबा ही स्विस कंपनी १८६५ पासून मुंबईत व्यापार करत होती. वेस्ट एंड वॉच कंपनीच्या तबकड्यांवर तर ‘बॉम्बे’ आणि ‘कलकत्ता’ ही गावांची नावे छापलेली असत. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई आली, आयातीवर बंधने आली आणि घड्याळ ही चोरट्या व्यापाराची आवडती वस्तू झाली. आकार लहान, किंमत मोठी, गिऱ्हाईक तयार. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचे कलम १२३ याची साक्ष देते. जप्त झालेला माल चोरटा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी या कलमाने माल बाळगणाऱ्यावर टाकली. ज्या मोजक्या वस्तूंना हा उलटा नियम लावला, त्यांत सोन्याबरोबर घड्याळांचे नाव होते. जुन्या स्विस घड्याळांबरोबर पावती क्वचितच का मिळते, याचे एक कारण इथे आहे.

‘जनता’चे तसे नव्हते. ते उघडपणे, पावतीसह घेता येत होते. उमरेडसारख्या गावात त्याला अर्थ होता. इथे कोळशाची खाण आहे, आणि पाळीवर जाणाऱ्याला वेळ अंदाजाने पाळून चालत नाही. गावातून नागपूर-नागभीड हा अरुंद रेल्वेमार्ग जात होता. मार्ग रुंद करण्यासाठी २०१९ मध्ये ती गाडी बंद झाली, तोवर गाडीची वेळ हीही गावाची एक वेळ होती. आणि शेतकऱ्याच्या घरात घड्याळ येई ते बहुतेक लग्नातून.

काळ ठरवताना

शके १८९१ मध्ये ७८ मिळवले की १९६९ येते. वैशाख म्हणजे एप्रिल-मे, ऐन लग्नसराई. एवढ्यावरून ‘हे घड्याळ १९६९ चे’ असे म्हणण्याचा मोह होतो, पण त्यात दोन अडचणी आहेत. पहिली अशी की, कोरलेली तारीख भेटीची असते, बनावटीची नव्हे. घड्याळ त्या तारखेनंतरचे नाही, इतकेच ती सांगते. दुसरी अडचण मोठी आहे. झाकण सुटे असते. एका घड्याळाचे झाकण दुसऱ्याला बसवणे हे दुरुस्तीच्या दुकानात पाच मिनिटांचे काम आहे.

म्हणून झाकणाची साक्ष स्वीकारण्याआधी बाकीच्या भागांची तपासणी केली. झाकण आणि कडे यांच्या बैठकीत फट नव्हती. मनगटाच्या घामाने दोन्हींवर पडलेले खड्डे एकाच जागी, एकमेकांना लागून होते. झाकण उघडल्यावर मशीनवर एचएमटीचा शिक्का आणि १७ ज्वेल्सचा उल्लेख मिळाला. सेकंदकाटा मिनिटांच्या रेघेपर्यंत नीट पोचत होता. तबकडीचा रंग कडेला काळवंडला होता, पण छपाई बारीक आणि सरळ होती. भाग एकमेकांबरोबर म्हातारे झाले होते. दस्तऐवज तपासताना कागद, शाई आणि अक्षर एकाच काळातले आहेत का, हे पाहतात. तीच ही रीत.

ही काळजी घ्यावी लागते, कारण आपल्याकडे जुन्या घड्याळांचा वेगळाच कारभार चालतो. जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ हा शब्द वापरतात, आणि तो कौतुकाचा नाही. जुने मशीन घ्यायचे, तबकडी खरवडून भडक निळी, केशरी किंवा हिरवी रंगवायची, नाव नव्याने छापायचे, कडे पॉलिश करायचे आणि ‘जुने पण न वापरलेले’ म्हणून विकायचे. अशी तबकडी ओळखता येते. अक्षरे जाड आणि किंचित तिरकी असतात, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत, आणि पन्नास वर्षांच्या घड्याळावर पाच महिन्यांची चकाकी असते. एचएमटीच्या बाबतीत एक खास युक्ती आहे. ‘जनता’ आणि काळ्या तबकडीचे ‘पायलट’ या दोन्हींत ०२३१ क्रमांकाचे १७ ज्वेल्सचे मशीन आढळते. ‘पायलट’ला मागणी जास्त. म्हणून ‘जनता’वर काळी तबकडी चढवली की विमान उडालेच! मशीन खरे, नाव खरे, आणि तरी घड्याळ खोटे.

बाजारातले मोल

घड्याळातल्या ‘१७ ज्वेल्स’मुळे ते महाग असते, असा समज आजही ऐकू येतो. ती माणके खरी, पण कारखान्यात बनवलेली. ऑगुस्त व्हर्नॉय या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०२ मध्ये कृत्रिम माणिक बनवण्याची रीत जाहीर केली, तेव्हापासून हे खडे स्वस्त झाले. घड्याळातले त्यांचे काम शोभेचे नाही, झीज वाचवण्याचे आहे. तासाला १८,००० ठोके म्हणजे दिवसाला ४,३२,००० ठोके. एवढी घासाघीस सोसायला कठीण खडा लागतो.

भाव ठरतो तो इतर गोष्टींवर. तबकडी मूळची आहे का? सगळे भाग एकाच घड्याळाचे आहेत का? मशीन चालते का? आणि तसे घड्याळ किती उरले आहे? विकणारा सांगतो तो आकडा भाव नव्हे. सौदा ज्या आकड्याला होतो, तो भाव. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. त्यानंतर या घड्याळांबद्दलची ओढ वाढली आणि सांगितले जाणारे आकडेही फुगले. पण ‘जनता’ दुर्मिळ नाही. ते अमाप बनले, तेच त्याचे प्रयोजन होते. माझ्या घड्याळाला घरबांधणीचा खर्च निघेल असा भाव कधी येणार नाही. कोरलेल्या ओळीमुळे तो आणखी थोडा उतरतो, कारण दुसऱ्याचा जावई कुणाला मनगटावर नको असतो.

झाकणावरची ओळ

आता ओळीकडे वळू. घड्याळाचा कारखाना उभा राहिला त्याच १९६१ साली संसदेने हुंडा प्रतिबंधक कायदा केला. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता, पण त्यांची गाठ मांडवात पडली. घड्याळ, सायकल, रेडिओ ही त्या पिढीच्या वरपक्षाची ठरलेली यादी. मूळ कायद्यात एक स्पष्टीकरण होते : लग्नात दिलेली रोकड, दागिने, कपडे किंवा अन्य वस्तूंच्या भेटी, लग्नाचा मोबदला म्हणून दिलेल्या नसतील, तर हुंडा नव्हेत. म्हणजे सारा प्रश्न देणाऱ्याच्या मनात काय होते यावर येऊन थांबला. ‘सप्रेम’ हा एक शब्द पुरेसा होता.

१९८४ मध्ये ते स्पष्टीकरण काढले गेले. १९८५ च्या नियमांनी वधू आणि वर यांना मिळालेल्या भेटींच्या लेखी याद्या ठेवण्यास सांगितले. यादीत काय हवे? वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि त्याचे नाते. संग्राहक जुन्या घड्याळाबद्दल जे विचारतो, जवळजवळ तेच कायद्याने विचारले. अशा याद्या किती घरांत झाल्या असतील, याची कल्पना वाचकांना असेलच.

हे झाकण म्हणजे नियम होण्याच्या सोळा वर्षे आधीची, एका ओळीची यादी आहे. वस्तू हातात आहे, महिना आणि वर्ष आहे, नाते आहे. किंमत नाही, देणाऱ्याचे नाव नाही. आणि जिच्यामुळे हे नाते जुळले, तिचा उल्लेख कुठेच नाही. जावई आहे, म्हणून मुलगी असणारच. पण ती वाचणाऱ्याने ओळखायची. बापाने हे घड्याळ हौसेने घेतले की वरपक्षाने अडून बसल्यावर, हे ‘सप्रेम’ सांगत नाही. १९६१ च्या कायद्याचीही हीच अडचण होती.

बाजाराला हवे असलेले घड्याळ कुणाचेच नसलेले, जणू आजच कारखान्यातून आलेले घड्याळ आहे. इतिहासाला हवे ते नेमके उलटे. रंगवलेली तबकडी आणि घासलेले झाकण यांत मला फरक दिसत नाही. दोन्हींत साक्षीदार गप्प केला जातो. एकदा घासलेली ओळ परत येत नाही. भाव मात्र आज पडतो, उद्या चढतो.

तिसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मशीन साफ करायला आणि काच बदलायला सांगितले; झाकणाला हात लावू नका म्हटले. कारागीर हसला. ‘‘तुमची मर्जी. पण विकाले आणाल तर मी कमीच देईन.’’ घड्याळ आता चालते, दिवसाला चारेक मिनिटे मागे पडते. त्याच्या पाकिटात मी एक चिठ्ठी ठेवली आहे : कुठे मिळाले, कितीला घेतले, काय बदलले, काय बदलले नाही. खाली वधूसाठी एक रकाना आखून ठेवला आहे. तो कोरा आहे.