तडा कोणी सांगावा?

गवंडी गिलाव्यावर हातोडी ठोकून पाहतो आणि आवाज बद्द आला की मान हलवतो. काँक्रीटचे दुखणे ओळखण्याची रीत पुष्कळ काळ याहून फारशी निराळी नव्हती. रोग आत आणि वैद्य बाहेर! १४ ऑगस्ट २०१८ रोजी इटलीत जेनोवा येथील मोरांदी पूल कोसळून ४३ माणसे गेली. १९६७ साली खुल्या झालेल्या या पुलाचे पोलादी दोर काँक्रीटच्या आवरणात बंद होते. आत गंज चढत होता, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो दिसणे कठीण.

घटकाने आपली अवस्था आपणच सांगावी, या कल्पनेचे मूळ जुने आहे. तार ताणली म्हणजे तिचा विद्युत्‌रोध बदलतो, हे विल्यम टॉमसन – पुढचे लॉर्ड केल्विन – यांनी १८५६ साली दाखविले. त्यावरून १९३८ च्या सुमारास अमेरिकेत ताणमापक पट्ट्या निघाल्या. पण पट्टी चिकटवावी तेथलेच सांगणार; चीर चार बोटे पलीकडून गेली, तर ती मुकीच.

१९९३ साली अमेरिकेत बफेलो येथील विद्यापीठात डेबोरा चुंग आणि पु-वोई चेन यांनी काँक्रीटलाच तारेचे काम दिले. त्यांनी कार्बनचे आखूड तंतू मिसळले, तेही घनफळाने शेकडा अर्धा किंवा त्याहून कमी. एवढ्याशा तंतूंची सलग साखळी होत नाही. आम्हांला नवल वाटते ते याचेच. सूक्ष्म चीर उघडू लागली की तिच्यावर आडवा पडलेला तंतू सिमेंटच्या पकडीतून किंचित सरकतो, विजेची वाट बिघडते, रोध वाढतो. भार उतरला, चीर मिटली, की रोधही उतरतो. काँक्रीट खरेच मोडले, तर मात्र तो परतत नाही. तात्पुरता ताण कोणता आणि कायमची इजा कोणती, हे असे वेगळे कळते.

प्रयोगशाळेतून उघड्यावर आल्यावर अडचण होते ती पाण्याची. ओले काँक्रीट मुळातच वीज वाहते, आणि ते वाळले की रोध वाढतो. मग ही वाढ चिरेची की नुसत्या उन्हाची? तंतूंचे गोळे झाले, तर तेही घोटाळ्यात पाडतात. जेनोव्याचा पूल असल्या मिश्रणाने वाचला असता, असे आम्ही म्हणणार नाही; गंज पोलादाला लागला होता, आणि हे काँक्रीट सांगते ते मुख्यतः स्वतःच्या अंगचे.