कंसांतलें हैदराबाद

ब्रिटिश वायुदलाच्या युद्धकालीन दप्तरांत ‘११० (हैदराबाद)’, ‘१५२ (हैदराबाद)’ आणि ‘२५३ (हैदराबाद स्टेट)’ अशीं विमानपथकांचीं नांवें आढळतात. मराठा पलटण म्हणजे मराठ्यांची पलटण. तेव्हां हे वैमानिकही हैदराबाद संस्थानचे असावेत, असें वाचकास प्रथम वाटतें. पण नोंदींतील ठिकाणें पाहिलीं म्हणजे हा समज टिकत नाहीं. १९४० सालीं १५२ व्या पथकाचीं स्पिटफायर विमानें दक्षिण इंग्लंडांतील वॉर्मवेलच्या तळावरून लढत होतीं.

उलगडा पहिल्या महायुद्धांत आहे. १९१८ सालीं ११० वें पथक फ्रान्सला गेलें, तें निजामानें दिलेल्या डी. एच. ९ ए विमानांसह. प्रत्येक विमानावर या देणगीचा उल्लेख रंगविलेला होता. म्हणजे कंसांतील शब्द तळ सांगत नाहीं, कीं भरतीचा मुलूखही सांगत नाहीं. तो देणगी सांगतो. दुसऱ्या महायुद्धांतही तीच रीत चालू राहिली. १५२ व्या पथकाच्या चिन्हावर निजामाचें शिरोभूषण आहे, आणि ‘विश्वासू दोस्त’ या अर्थाचें त्याचें ब्रीद म्हणजे ब्रिटिशांनीं निजामास दिलेला किताबच होय.

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालीं होता. त्या राज्याचा खजिना ज्यांच्या शेतसाऱ्यानें भरे, त्यांत येथील गोदाकांठची रयतही होती. वैमानिकांचीं नांवें, विमानांचे क्रमांक, उड्डाणांच्या वेळा, सारें दप्तरांत नमूद आहे. रयतेचें नांव मात्र कोठेंच नाहीं. कंसांतल्या त्या एका शब्दाआड तें झांकलेलें आहे.