न्याय आणि दया : हायकोर्टाच्या माथ्यावरच्या दोघी

मंडळी, मागच्या वेळी आपण फ्लॉरेन्सच्या बाप्टिस्टरीच्या दारापाशी थांबलो होतो. आंद्रेआ पिसानोचं ते ब्राँझचं दार, त्यावर १३३० साल कोरलेलं. रेनेसान्सचा उंबरठाच म्हणा ना. खालच्या आठ चौकटींत आठ सद्गुण बसलेत, आणि सगळ्या बायका. कारण साधं आहे, लॅटिनमध्ये ही नामं स्त्रीलिंगी. आपल्या मराठी बायबलात विश्वास, आशा, प्रीती. त्यातला विश्वास पुरुष, आणि न्यायही पुरुष! त्यामुळे हातात तराजू घेतलेली बाई आपल्याला आजही जरा परकीच वाटते.

पण ती परकी बाई आपल्या मुंबईत आहे. ओव्हल मैदानाच्या बाजूने हायकोर्टाकडे पाहिलं तर वर दोन मूर्ती दिसतात, न्याय आणि दया. कर्नल फुलरने बांधलेली ही इमारत १८७१ ला सुरू झाली, १८७८ ला पुरी झाली. आता गंमत बघा, दया ही सात प्रमुख सद्गुणांच्या यादीत नाहीच. पिसानोच्या आठांतही नाही. मग ती इथे कशी? मध्ययुगात ८५ व्या स्तोत्रावरून एक कथा रचली गेली : देवाच्या चार मुली, दया, सत्य, न्याय, शांती. माणसाने पाप केलं तेव्हा सत्य आणि न्याय शिक्षा मागतात, दया आणि शांती माफी. शेवटी चौघींचा समेट होतो. म्हणजे कोर्टावरची दया नुसती शोभेची नव्हे, ती दुसऱ्या बाजूची वकील आहे.

डोळ्यांवरच्या पट्टीचं काय? १४९४ च्या एका जर्मन पुस्तकातल्या चित्रात न्यायदेवतेला पट्टी बांधणारा विदूषक आहे. ती चक्क थट्टा होती. पुढे पन्नासेक वर्षांत तीच पट्टी निःपक्षपातीपणाची खूण झाली. आमच्या मते मूळची थट्टा जास्त खरी. हायकोर्टातल्या एका खांबावरही एक डोळा झाकलेलं, तराजू धरलेलं माकड कोरलंय, ते कुणा नाराज ठेकेदाराने सूड म्हणून करवलं अशी दंतकथा आहे.

त्याच छपराखाली जुलै १९०८ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. न्यायाधीश दावर, १८९७ मध्ये हेच टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते. ज्यूरीतले सात युरोपियन म्हणाले दोषी, दोन पारशी म्हणाले निर्दोष. २२ जुलैला रात्री सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दया वर उभीच होती. दुसऱ्या दिवसापासून गिरण्यांचे भोंगे वाजून उपयोग नव्हता : परळ-लालबागच्या कामगारांनी सहा दिवस संप केला, वर्षाला एक दिवस. सैन्याने गोळीबार केला, माणसं मेली.

या कोर्टापेक्षा वरची सत्ता आहे, असं टिळक तेव्हा म्हणाले होते. त्यांचे ते शब्द १९५६ साली त्याच न्यायदालनाबाहेर शिलेवर कोरून बसवले गेले, आणि अनावरण केलं खुद्द मुख्य न्यायाधीश छागलांनी.