फवारणी आणि गर्भपात : संबंध मोजायचा कसा?

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात पावसाळ्यात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी होते. पंपासाठी पाणी आणणे, फवारलेल्या शेतात निंदण करणे ही कामे बहुधा महिलांच्या वाट्याला येतात. त्यांपैकी एखादीचा गर्भपात झाल्यास तो औषधामुळेच झाला काय, हे त्या एका घटनेवरून सांगता येत नाही. त्यासाठी अनेक महिलांची पद्धतशीर तुलना करावी लागते.

समजा, फवारणीशी संपर्क आलेल्या २०० गरोदर महिलांपैकी ३० जणींचा आणि संपर्क न आलेल्या २०० पैकी २० जणींचा गर्भपात झाला. येथे सापेक्ष जोखीम दीडपट दिसते. परंतु तिची ९५ टक्के विश्वास-मर्यादा सुमारे ०.९ ते २.६ इतकी रुंद असल्याने योगायोगाची शक्यता उरते. हेच प्रमाण दसपट महिलांमध्ये आढळल्यास ही मर्यादा सुमारे १.३ ते १.८ अशी आक्रसते व निष्कर्षाला बळ येते.

वय, रक्तक्षय, कष्टाचे काम, तंबाखू यांचाही गर्भावर परिणाम होतो. हे घटक दोन्ही गटांत सारखे नसतील, तर त्यांचा दोष औषधाच्या माथी येतो. तो वेगळा काढण्यासाठी लॉजिस्टिक समाश्रयण ही पद्धत वापरतात.

खरी अडचण नोंदीची आहे. अमेरिकेत ॲलन विलकॉक्स व सहकाऱ्यांनी महिलांच्या लघवीची रोज तपासणी करून १९८८ मध्ये दाखविले, की रुजलेल्या गर्भांपैकी ३१ टक्के टिकत नाहीत. २२ टक्के तर गर्भधारणा लक्षात येण्यापूर्वीच जातात. तिसऱ्या महिन्यात नाव नोंदविणाऱ्या महिलांच्या यादीत हे गर्भ येतच नाहीत. रसायनाचा आघात आरंभीच होत असेल, तर अशा यादीवरून ते निर्दोष ठरू शकते. म्हणून टिकाव-विश्लेषणात प्रत्येक महिलेची गणना तिच्या नोंदणीच्या आठवड्यापासून करतात. तरीही त्याआधीचे नुकसान कळण्यासाठी गर्भधारणेपूर्वीपासूनच पाठपुरावा हवा.

भारतातील कपाशी फवारणाऱ्या पुरुषांच्या कुटुंबांचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या पत्नींमध्ये गर्भपात व मृतजन्म अधिक आढळले. म्हणजे केवळ महिलांचा संपर्क मोजून भागत नाही.

ऑर्गेनोफॉस्फेट औषधांचे अंश काही दिवसांतच लघवीवाटे निघून जातात. एका नमुन्यावरून नऊ महिन्यांचा हिशेब लागत नाही. फवारणीची तारीख व औषधाचे नाव घरच्या वहीत टिपलेले असेल, तर आरोग्यसेविकेच्या नोंदींशी ते जुळविता येते. ही साधी नोंद नसेल, तर पुढचे गणित कितीही अचूक असले तरी उपयोगी पडत नाही.