भीमेच्या पाण्यातलं मरण

रांजणगावाहून दक्षिणेला निघून भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. तिथल्या केडगावात पंडिता रमाबाईंनी ‘मुक्ती’ ही निराधार स्त्रियांची संस्था उभारली.

मरण रमाबाईंच्या ओळखीचं होतं. 1870च्या दशकातल्या उपासमारीत आईवडील आणि बहीण गेली. 1880 साली भाऊ गेला, 1882 साली पटकीने पती. पुढच्याच वर्षी, 29 सप्टेंबर 1883 रोजी, इंग्लंडमधल्या वाँटेज इथे लहानग्या लेकीसह, मनोरमेसह, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात केवढा गहजब झाला! धर्म सोडला, एवढंच बहुतेकांना दिसलं. पाठीशी असलेली मरणांची ही रांग फार थोड्यांनी मोजली.

1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून रमाबाईंनी शेकडो मुली केडगावला आणल्या. हाडांचे सापळेच होते ते. काही जणी वाचल्या नाहीत. वाचलेल्यांपैकी अनेकींनी पुढे भीमेच्या पात्रात बाप्तिस्मा घेतला.

या बाप्तिस्म्यात माणूस कंबरभर पाण्यात उभा राहतो. त्याला मागे झुकवून पुरतं बुडवतात, क्षणभर श्वास थांबतो, मग वर उचलतात. बुडणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि वर येणं म्हणजे त्याच्याबरोबर उठणं, असा प्रेषित पौलाने लावलेला अर्थ. भुकेने मरणाच्या दारातून परतलेल्या मुलीला तो वेगळा समजावून सांगावा लागला नसेल.

1921 साली मनोरमाही गेली. पुनरुत्थानाच्या आशेवर विसंबून रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर पुरं केलं आणि 5 एप्रिल 1922 रोजी डोळे मिटले. त्या भाषांतराच्या छपाईचे खिळे मुक्तीतल्याच बायकांनी जुळवले.